राखेचे खापर कोणाच्या माथी?

नागपूरपासून उत्तरेला वीस-बावीस किलोमीटरवर सावनेर तालुक्यात खापरखेडा आहे. कोलार आणि कन्हान या दोन नद्यांचा हा परिसर. सिल्लेवाडा, वलनी, पाटणसावंगी या कोळसा खाणी हाकेच्या अंतरावर. कोळसा आणि पाणी दोन्ही शेजारी, म्हणून गेल्या शतकाच्या पन्नासच्या दशकापासून येथे वीज तयार होत आली. आज महानिर्मितीच्या या केंद्रात २१० मेगावॉटचे चार आणि ५०० मेगावॉटचा एक असे पाच संच आहेत. १९८९ ते २०११ या काळात ते एकामागून एक सुरू झाले. एकूण क्षमता १३४० मेगावॉट. महाराष्ट्राच्या वीजनकाशावर हा आकडा मान उंचावून मिरवला जातो. त्या आकड्याच्या पोटात काय आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.

पाचही संच पूर्ण क्षमतेने चालले तर तासाला १३ लाख ४० हजार युनिट वीज निर्माण होते. एका युनिटसाठी साधारण ७०० ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. म्हणजे तासाला सुमारे ९४० टन आणि दिवसाला बावीस हजार टनांहून अधिक कोळसा. मालगाडीच्या भाषेत बोलायचे तर रोज पाच-सहा पूर्ण भरलेल्या गाड्या. आपल्या देशातील कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक राख असते. तेव्हा रोज सात हजार टनांच्या वर राख मागे उरते. वीज तारेत शिरते आणि निघून जाते. राख कोठेही जात नाही. ती खापरखेड्यातच राहते.

तिचा काही भाग सिमेंट आणि विटांच्या कारखान्यांकडे जातो, हे मान्य. उरलेली राख पाण्यात कालवून तलावात सोडली जाते. उन्हाळ्यात हे तलाव वाळतात आणि वारा सुटला की करड्या धुळीचा पडदा शिवारावर उतरतो. कपाशीच्या पानावर, दांडीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर, झाकून ठेवलेल्या पाण्याच्या हंड्यावर तीच राख. नांदगावच्या राख तलावाविरुद्ध २०२२ च्या आरंभी ग्रामस्थांनी आवाज उठविला, तेव्हा तत्कालीन पर्यावरणमंत्र्यांना प्रत्यक्ष यावे लागले आणि तेथे राख टाकणे थांबविण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी जुलैच्या अतिवृष्टीत कोराडी केंद्राचा खसाळा येथील राख बंधारा फुटला. राखेचा लोट नाल्यांतून नद्यांकडे धावला. कन्हान ही नागपूरकरांची तहान भागविणारी नदी आहे. ज्या शहराला विजेचा अभिमान, त्याच शहराच्या नळाशी राख येऊन उभी राहिली.

'दिव्याखाली अंधार' ही म्हण मराठीत पुष्कळ जुनी आहे. विदर्भाने ती अक्षरशः भोगली. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस, मौदा, तिरोडा या सगळ्या ठिकाणी कोळसा जाळायचा आणि वीज पश्चिमेला पाठवायची. त्यासाठी चंद्रपूरपासून थेट पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरची उच्चदाब वाहिनी १९९९ मध्ये टाकण्यात आली. भारनियमनाच्या त्या काळ्या वर्षांत विदर्भातील खेडी दहा-बारा तास अंधारात बसत होती आणि त्यांच्या डोक्यावरून मुंबईची वीज वाहत होती. हा इतिहास फार जुना नाही. त्याची आठवण मात्र सोयीस्करपणे पुसली गेली आहे.

एक नियम अणूला, दुसरा कोळशाला

अणुवीज केंद्र कोठे असावे, याविषयी अणुऊर्जा नियामक मंडळाने १९९० मध्ये नियमावली केली. दहा हजारांवर वस्तीचे गाव शक्यतो दहा किलोमीटरच्या आत नसावे आणि एक लाखावर वस्तीचे शहर तीस किलोमीटरच्या आत नसावे, असे त्यात म्हटले होते. ही दक्षता योग्यच आहे. पण हाच कंपास नागपूरच्या नकाशावर ठेवून पाहावा. वीस लाखांहून अधिक वस्तीचे नागपूर शहर खापरखेड्यापासून तीस किलोमीटरच्या आतच येते. कोराडी तर जवळजवळ शहराच्या उंबरठ्यावर. याचा अर्थ असा की, ज्या जागेवर अणुभट्टीला मनाई होईल, त्याच जागेवर रोज हजारो टन कोळसा जाळायला कोणाचीही हरकत नाही.

आणि कोळशाला जे नियम आहेत, त्यांचे काय झाले? डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांच्या धुरातील गंधकाच्या वायूवर मर्यादा घातली आणि दोन वर्षांत शुद्धीकरणाची यंत्रणा बसविण्यास सांगितले. दोन वर्षे झाली, मुदत वाढली. पुन्हा वाढली. पुन्हा एकदा वाढली. अखेर जुलै २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य केंद्रांना त्या यंत्रणेतूनच सूट देण्यात आली. अणुऊर्जेच्या बाबतीत एखाद्या नियमाची अशी विटंबना झाली असती, तर दिल्लीपासून मुंबईपर्यंत मेणबत्त्या पेटल्या असत्या! राखेसाठी मात्र कोणी मेणबत्ती लावली नाही. मे २०२३ मध्ये कोराडीला ६६० मेगावॉटचे आणखी दोन कोळशाचे संच उभारण्यासाठी जनसुनावणी झाली. तेथे जे स्थानिक लोक विरोधासाठी उभे राहिले, त्यांच्या पाठीशी जैतापूरच्या आंदोलनात चमकलेले किती नामवंत उभे राहिले, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

जैतापूरच्या विरोधकांत दोन प्रकारचे लोक होते. एक, माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली येथील शेतकरी आणि साखरीनाट्याचे मच्छीमार. त्यांची जमीन आणि त्यांचा समुद्र पणाला लागला होता. त्यांचा प्रश्न खरा होता आणि आजही आहे. एप्रिल २०११ मध्ये तेथे गोळीबार झाला, एक माणूस प्राणास मुकला, ही गोष्ट कोणत्याही राज्यकर्त्याने विसरू नये. दुसरा प्रकार वातानुकूलित सभागृहांत बसून अणुऊर्जेला सैतान ठरविणाऱ्या बुद्धिवाद्यांचा. त्या सभागृहांतील वातानुकूलन कोणाच्या राखेवर चालते, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. 'अणुऊर्जा नको' म्हणणे सोपे असते. मग काय हवे, या प्रश्नाला त्यांचे उत्तर सूर्य आणि वारा हे असते. दोन्ही उत्तम. दोन्ही वाढलेच पाहिजेत. पण मावळलेल्या सूर्यावर आणि पडलेल्या वाऱ्यावर रात्रीचे कारखाने आणि रुग्णालये चालत नाहीत. ती चालविण्याचे काम अखेर खापरखेड्याच्याच गळ्यात पडते.

कुकरची शिट्टी आणि भट्टीचे पाणी

जगातील बहुतेक अणुवीज केंद्रे दाबाखालील पाण्याच्या अणुभट्टीवर, म्हणजे प्रेशराइज्ड वॉटर रिअॅक्टरवर चालतात. तिचे तत्त्व गृहिणींना सांगावे लागत नाही. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनच उकळते. या भट्टीत तोच दाब वातावरणाच्या सुमारे १५५ पट ठेवतात, म्हणून पाणी ३२० अंशांपर्यंत तापूनही उकळत नाही. वीस सेंटिमीटर जाडीच्या पोलादी पात्रात युरेनियमच्या कांड्या असतात. त्यांची उष्णता घेऊन हे पाणी बाष्पजनित्रात जाते आणि नळ्यांच्या भिंतीपलीकडच्या दुसऱ्या पाण्याला उष्णता देऊन परत फिरते. वाफ होते ती त्या दुसऱ्या पाण्याची. टर्बाइन फिरविणारी वाफ आणि भट्टीतून आलेले पाणी यांचा स्पर्श होत नाही. यापुढे टर्बाइन, जनित्र, शीतकरणाचे मनोरे हे सारे खापरखेड्यासारखेच. फरक फक्त चुलीत आहे.

आणि हा फरक केवढा? १३४० मेगावॉटच्या अशा केंद्राला वर्षाला साधारण तीस-पस्तीस टन इंधन लागते. तेवढा कोळसा खापरखेड्याला जेमतेम सव्वादोन मिनिटे पुरतो.

या भट्टीची भीती दाखविताना चेर्नोबिल आणि फुकुशिमा ही दोन नावे हमखास येतात. दोन्ही ठिकाणच्या भट्ट्या या प्रकारच्या नव्हत्या. चेर्नोबिलला तर सभोवार भक्कम आवरणच नव्हते. या प्रकारच्या भट्टीतील मोठा अपघात म्हणजे मार्च १९७९ चा अमेरिकेतील थ्री माइल आयलंडचा. तेथे एक झडप उघडी अडकली, चालकांनी चुकीचा अर्थ लावून पाणी कमी केले आणि इंधनाचा मोठा भाग वितळला. पण बाहेरच्या काँक्रीटच्या आवरणाने सारे पोटात घेतले. त्यातून झालेला किरणोत्सर्ग अत्यल्प होता. याचा अर्थ धोका नाही असा नव्हे. वापरलेले इंधन वर्षानुवर्षे थंड पाण्यात आणि हजारो वर्षे निगराणीत ठेवावे लागते. ही जबाबदारी मोठी आहे. पण ती मोजलेली, नोंदलेली, कुलपात ठेवलेली जबाबदारी आहे. खापरखेड्याची राख मात्र उघड्यावर पडलेली असते.

येथवर आलेला वाचक म्हणेल की, मग जैतापूर झटपट उभारा. परंतु प्रश्न नेमका येथेच बिकट होतो. अणुऊर्जा हवी हे एक, आणि ती कोणाच्या हातून हवी हे दुसरे.

जैतापूरसाठी डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सच्या अध्यक्षांच्या उपस्थितीत 'अरेवा' कंपनीशी करार झाला. १६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉट. जगातील सर्वांत मोठे अणुवीज केंद्र म्हणून ढोल वाजले. त्या वेळी या प्रकारची एकही भट्टी जगात चालू झालेली नव्हती! फ्रान्सने स्वतःच्या घरी फ्लामांव्हिल येथे २००७ मध्ये तिचे काम सुरू केले. खर्च ३.३ अब्ज युरो आणि मुदत २०१२, असे सांगितले गेले. ती जाळ्याला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये, आणि खर्च चौपट होऊन १३ अब्जांच्या पुढे गेला. मध्यंतरी तिच्या पात्राच्या पोलादात कार्बनचे प्रमाण अधिक असल्याचे २०१५ मध्ये उघड झाले. फिनलंडची भट्टी २००९ ला व्हायची, ती नियमित चालली २०२३ मध्ये. चीनमधील तैशानची २०१८ मध्ये सुरू झाली आणि इंधनाच्या कांड्या बिघडल्याने २०२१ मध्ये वर्षभर बंद ठेवावी लागली. खुद्द अरेवा कर्जात बुडाली आणि तिचा भट्ट्यांचा धंदा २०१७ अखेर फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीच्या पदरी आला. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! या कंपनीने एप्रिल २०२१ मध्ये भारताला जो प्रस्ताव दिला, त्यात तिने स्वच्छ सांगितले की, आराखडे आणि सामग्री आम्ही देऊ. भांडवल गुंतविणार नाही आणि बांधकामाची जबाबदारीही घेणार नाही. म्हणजे उशीर झाला तर तो भारताचा आणि खर्च वाढला तर तोही भारताचाच.

महाराष्ट्राला हे चित्र अपरिचित नाही. गुहागरच्या किनाऱ्यावर एन्रॉनने हेच केले होते. परकीय कंपनी, परकीय इंधन, डॉलरमध्ये बांधलेला दर. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००१ मध्ये केंद्र बंद पडले, कंपनी दिवाळखोरीत गेली आणि भुर्दंड पडला तो मराठी माणसाच्या खिशाला.

तारापूरचा धडा तर त्याहून जुना. १९६९ मध्ये अमेरिकी कंपनीने बांधलेल्या तेथील पहिल्या दोन संचांना समृद्ध युरेनियम लागते. ते तीस वर्षे पुरविण्याचे वचन अमेरिकेने १९६३ च्या करारात दिले होते. १९७४ मध्ये पोखरणची चाचणी झाली आणि वचनाला ग्रहण लागले. पुढे अमेरिकेने पाठ फिरवली आणि फ्रान्सच्या दाराशी जावे लागले. शेजारीच स्वदेशी बनावटीच्या ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाल्या. त्यांना नैसर्गिक युरेनियम पुरते. एकाच आवारात परावलंबन आणि स्वावलंबन अशी दोन्ही शेजारी उभी आहेत. शाळेच्या सहली तेथे न्याव्यात.

स्वदेशी म्हणजे केवळ भावनेचा विषय आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी गुजरातमधील काक्रापारकडे पाहावे. ७०० मेगावॉटची तिसरी भट्टी जून २०२३ मध्ये आणि चौथी मार्च २०२४ मध्ये व्यावसायिक उत्पादनात उतरली. या जड पाण्याच्या भट्ट्या आहेत. दाबाखालील साध्या पाण्याची भट्टी भारताला जमत नाही, असा एक समज मुद्दाम पसरविला गेला. तो खोटा आहे. कल्पाक्कम येथे पाणबुडीसाठी अशा भट्टीची प्रतिकृती २००६ पासून चालली. 'अरिहंत'ची भट्टी ऑगस्ट २०१३ मध्ये प्रज्वलित झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये 'अरिघात'ही नौदलात दाखल झाली. तंत्रज्ञान देणार नाही, असे जगाने बजावले होते. तरीही समुद्राखाली, पाणबुडीच्या अरुंद पोटात, हलत्या-डुलत्या अवस्थेत चालणारी भट्टी भारतीय अभियंत्यांनी केली. डॉ. अनिल काकोडकर यांच्यासारख्या मराठी शास्त्रज्ञांचा त्या कामात मोठा वाटा होता. मग जमिनीवर ती का होऊ नये?

त्यासाठीचे हातही महाराष्ट्रात आहेत. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर हे साखर कारखान्याचे गाव, पण तेथील कारखान्याने देशाच्या अणुभट्ट्यांची अवजड अंगे घडविली. किर्लोस्करांचे पंप अणुकेंद्रांत चालतात. भाभा अणुसंशोधन केंद्र २०० मेगावॉटच्या दाबाखालील पाण्याच्या छोट्या भट्टीवर काम करीत आहे आणि तिचा पहिला संच तारापूरलाच उभारण्याचे प्रस्तावित आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात छोट्या भट्ट्यांच्या संशोधनासाठी वीस हजार कोटींची तरतूद घोषित झाली. पैशाची वाट मोकळी झाली आहे. आता चालायचे आहे.

चालताना मात्र डोळे उघडे हवेत, आणि येथे स्वकीयांनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. भट्टी बांधणे जितके अवघड, तितकेच ती चालविणे अवघड. अमेरिकेत ओहायोमधील डेव्हिस-बेसी केंद्रात पाण्यातील बोरिक आम्ल झिरपत राहिले आणि पात्राच्या जाड पोलादी झाकणात खड्डा पडला. मार्च २००२ मध्ये तो सापडला, तेव्हा तेथे आतल्या अस्तराचा जेमतेम एक सेंटिमीटर थर शाबूत होता. कारण काय? उत्पादन थांबू नये म्हणून तपासणी पुढे ढकलली गेली होती आणि नियामकाने त्याला मान डोलावली होती. यंत्र बिघडण्याआधी नियामकाचा कणा वाकला होता.

आपल्याकडे नियामक मंडळ अनेक दशके त्याच अणुऊर्जा आयोगाच्या छायेत राहिले. महालेखापालांनी २०१२ मध्ये त्यावर बोट ठेवले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांति' कायदा संमत करून मंडळाला वैधानिक दर्जा दिला, हे स्वागतार्ह आहे. परंतु त्याच कायद्याने २०१० चा दायित्व कायदा रद्द केला आणि सदोष सामग्री देणाऱ्या पुरवठादाराकडून भरपाई वसूल करण्याची कायद्यातील तरतूदही गेली. करारात लिहिले असेल तर वसुली, अन्यथा नाही. भोपाळचे स्मरण ठेवून २०१० मध्ये पुरवठादाराला जबाबदार धरण्याचा आग्रह विरोधी बाकांवरून ज्यांनी धरला होता, त्यांत आजचे राज्यकर्तेही होते. तेव्हा जे राष्ट्रहित होते, ते पंधरा वर्षांत बदलले काय? परकीय भट्टीत दोष निघाला, तर भुर्दंड कोणाचा, याचे उत्तर आता केवळ करारपत्रात असेल. म्हणून जैतापूरच्या प्रत्येक करारपत्रात ते कलम काळ्यावर पांढरे लिहिले गेले पाहिजे. फ्रान्सला ते मान्य नसेल, तर माडबनच्या पठारावर काक्रापारच्या जातीच्या भट्ट्या उभ्या राहाव्यात. जागा ताब्यात आहे, समुद्र आहे. नऊ हजार नऊशेचा हट्ट सोडला तर हे काम अशक्य नाही.

आणि विस्थापितांचे काय? तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठविली गेली. त्यांच्या पुनर्वसनाची तक्रार वर्षानुवर्षे उच्च न्यायालयात चालली. स्वदेशी भट्टीसाठी स्वदेशी माणसाला न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागाव्यात, हे शोभणारे नाही. माडबनच्या शेतकऱ्याला अणुविज्ञान समजावून सांगण्यापूर्वी सरकारने त्याला अक्करपट्टीचा हिशेब दाखवावा. तो चोख असेल तर विज्ञान समजायला वेळ लागणार नाही.

आता पुन्हा खापरखेडा. तेथील २१० मेगावॉटच्या जुन्या संचांपैकी पहिल्याला छत्तीसहून अधिक वर्षे झाली. भाभा केंद्राची छोटी भट्टी २०० मेगावॉटची. निवृत्त होणाऱ्या औष्णिक केंद्रांच्या जागी अशा भट्ट्या बसविण्याचा विचार केंद्र सरकारने बोलून दाखविला आहे. हे गणित शाळकरी पोरालाही सुटेल. अडचण नागपूरच्या जवळिकीची. छोट्या भट्टीसाठी अंतराचे निकष बदलायचे असतील, तर नियामक मंडळाने ते उघडपणे, कारणे देऊन, नागपूरकरांसमोर मांडावेत. गुपचूप शिथिल करू नयेत. आणि तीस किलोमीटरची अट कायम ठेवायची असेल, तर वीज तारापूर आणि जैतापूरहून यावी. पडघ्यापर्यंत तारा गेल्या तेव्हा अंतराची सबब कोणी सांगितली नव्हती.

पाण्याची सबबही चालणार नाही. अमेरिकेत अॅरिझोनाच्या वाळवंटात पालो वेर्दे येथे दाबाखालील पाण्याच्या तीन मोठ्या भट्ट्या आहेत. जवळ समुद्र नाही, मोठी नदी नाही. फिनिक्स आणि आसपासच्या शहरांचे सांडपाणी शुद्ध करून त्यावर त्या थंड केल्या जातात. नागपूर महापालिकाही भांडेवाडीत शहराचे सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या संचांसाठी देत आली आहे. नळ टाकलेले आहेत, मोजमाप ठाऊक आहे. पुढच्या उन्हाळ्यात नांदगाव-वारेगावच्या शिवारात पुन्हा वारा सुटेल, तेव्हा २१० मेगावॉटच्या पहिल्या संचाच्या निवृत्तीची तारीख महानिर्मितीने जाहीर केलेली असावी, एवढी मागणी येथील ग्रामपंचायतींनी ठराव करून मुंबईला पाठवायला हरकत नाही.